मुखवटे छापणारा माणूस

जपानी वुडब्लॉक प्रिंट म्हटलं की आपल्याला आठवते ती होकुसाईची लाट. पण त्याच लाकडाच्या ठोकळ्यांवर एका माणसाने मरायला टेकलेलं एक नाटक छापून ठेवलं. तेही ठोकळ्यांचे स्वतःचेच दिवस भरत आलेले असताना!

ती लाट तुम्ही नक्की पाहिली आहे. ऑफिसातल्या कुणाच्या तरी मगवर, टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर. निळीशार, पंजे उगारलेली, मागे इवलासा फुजी पर्वत. 1831 च्या सुमारास होकुसाईने ती काढली आणि 2024 मध्ये ती थेट जपानच्या हजार येनच्या नोटेवर जाऊन बसली. आता बोला! एका छापील चित्राने याहून मोठं करिअर काय करायचं?

पण त्या लाटेच्या गर्दीत एक भिडू कायम मागे राहिला. त्याचं नाव त्सुकिओका कोग्यो. त्याच्या चित्रांत लाटा नाहीत, फुजी नाही, नटव्या बायका नाहीत. बहुतेक वेळा एकच माणूस असतो. अंगावर जडजड रेशीम, तोंडावर लाकडी मुखवटा आणि आजूबाजूला... जवळजवळ काहीच नाही. पहिल्यांदा पाहिलं की वाटतं, चित्रकाराने बॅकग्राउंड काढायचा कंटाळा केला की काय? दुसऱ्यांदा पाहिलं की आपण बोलायचं थांबतो.

हा माणूस नोह नाटकांची चित्रं काढायचा. एक-दोन नाही, शेकड्यांनी. आयुष्यभर.

नोह म्हणजे काय रे भाऊ?

थोडक्यात सांगायचं तर नोह हा जपानचा सहाएकशे वर्षं जुना नाट्यप्रकार. चौदाव्या शतकात कानआमी आणि त्याचा मुलगा झेआमी या बापलेकांनी त्याला आकार दिला. तेव्हाचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमित्सु त्यांच्यावर फिदा झाला आणि गावजत्रेतल्या करमणुकीतून आलेल्या या कलेला राजाश्रय मिळाला.

नोहचा रंगमंच साधारण सहा मीटर लांब, तेवढाच रुंद. पॉलिश केलेलं लाकूड. मागच्या भिंतीवर रंगवलेलं एक पाइनचं झाड. नाटक कोणतंही असो, समुद्रकिनाऱ्यावरचं किंवा राजवाड्यातलं, झाड तेच. डावीकडून एक लांब पूल रंगमंचावर येतो, त्यावरून पात्रं येतात. बासरी, ढोल, आठ-दहा जणांचा कोरस. आणि मुख्य नट, ज्याला शिते म्हणतात, तो पाय न उचलता, जमिनीवर सरकवत चालतो. अगदी सावकाश.

किती सावकाश? तर पुलावरून रंगमंचावर येईपर्यंत आपल्याकडे एखादं गाणं संपेल!

रडायचं असेल तर नट हुंदके देत नाही. फक्त हात हळूच डोळ्यांपाशी नेतो. मुखवटा किंचित वर उचलला की त्यावर उजेड पडतो आणि तो हसल्यासारखा दिसतो. किंचित खाली झुकवला की सावली येते आणि तोच मुखवटा उदास होतो. लाकूड तेच, कोन बदलला. बस्स.

‘आओई नो उए’ नावाच्या नाटकाची तर कमालच आहे. गेंजी या राजपुत्राची बायको आओई आजारी आहे. गेंजीच्या आधीच्या प्रेयसीचा मत्सर भूत होऊन तिला छळतोय. आता ही आओई, जिच्या नावाचं नाटक आहे, ती रंगमंचावर येतच नाही. पुढे जमिनीवर एक घडी घातलेला किमोनो ठेवलेला असतो. तो किमोनो म्हणजे आओई! भूत त्या किमोनोकडे बघतं, त्याच्यावर धावून जातं आणि अख्खं थिएटर श्वास रोखून एका कापडाकडे पाहत राहतं.

सामान्यांना नो एंट्री

आता एक प्रश्न पडायला हवा. जपानी वुडब्लॉक प्रिंट्स, म्हणजे उकियो-ए, सतराव्या शतकापासून धडाक्यात निघत होत्या. त्यात नाटकांची चित्रं ढिगाने. मग नोहची चित्रं इतकी कमी का?

उत्तर सरळ आहे. उकियो-ए हा शहरातल्या व्यापारी, कारागीर, दुकानदार लोकांचा माल होता. आणि या लोकांचं नाटक होतं काबुकी. भडक, धावतं, स्टार मंडळींनी भरलेलं. आवडत्या नटाचं चित्र विकत घ्यायचं आणि घरात लावायचं. आपण सिनेमातल्या हिरोचं पोस्टर लावतो तसं. नोह मात्र शोगुन आणि सामुराई सरदारांचं. तोकुगावा राजवटीत ते सरकारी समारंभाचं नाटक होऊन बसलं. नटांना सरदारांसारखा तनखा. सामान्य माणसाला ते बघायला मिळायचं कधीमधी, एखाद्या खास प्रसंगी. जे नाटक गिऱ्हाइकाने पाहिलंच नाही, त्याचं चित्र प्रकाशक कशाला छापेल?

गंमत म्हणजे काबुकीवाल्यांनाही नोहचं आकर्षण होतं. 1840 मध्ये सातव्या इचिकावा दान्जुरो या काबुकी स्टारने ‘आताका’ हे नोह नाटक उचलून ‘कान्जिन्चो’ केलं, आणि मागे नोहसारखं पाइनचं झाडही रंगवून घेतलं. म्हणजे कुंपणापलीकडचं गवत हिरवं दिसायची खोड तेव्हाही होती.

तनखा बंद, मुखवटे विकायला

मग 1868 साल आलं. शोगुनशाही कोसळली, सम्राट मेइजीची राजवट सुरू झाली. जपानला घाईने आधुनिक व्हायचं होतं. रेल्वे, तारायंत्र, कोट-टाय. या धामधुमीत नोहच्या नटांचा तनखा एका फटक्यात बंद झाला.

विचार करा. पिढ्यानपिढ्या तुमच्या घराण्याला एकच गोष्ट येते आणि ती बघणारा एकमेव गिऱ्हाईक रातोरात गायब. कित्येक नटांनी धंदे बदलले. कित्येकांनी घरातले मुखवटे आणि वस्त्रं विकली. नोह संपलं, असंच सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

टिकून राहिले ते मोजके लोक. त्यातला मोठा माणूस म्हणजे उमेवाका मिनोरू. आजूबाजूला सगळं विकलं जात असताना हा गडी तोक्योत प्रयोग करत राहिला. दुसरीकडे इवाकुरा तोमोमी हा बडा मुत्सद्दी 1871 ते 1873 मध्ये अमेरिका-युरोपचा दौरा करून आला. तिथे पाहुण्यांना ऑपेरा दाखवतात, हे त्याने पाहिलं. मग आपण परदेशी पाहुण्यांना काय दाखवायचं? नोह! 1876 मध्ये इवाकुराच्या घरी सम्राटासमोर नोहचा प्रयोग झाला. 1879 मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट जपानला आले, त्यांनाही नोह दाखवलं गेलं. 1881 मध्ये तोक्योच्या शिबा बागेत नोहसाठी खास रंगमंच उभा राहिला. तिथे आता तिकीट काढून कुणीही जाऊ शकत होतं.

म्हणजे नोह वाचलं, पण त्याचा प्रेक्षक बदलला. आणि नवीन प्रेक्षक आला की त्याला चित्रंही हवी असतात.

सावत्र बापाचा वारसा

कोग्योचा जन्म 1869 चा, तोक्योतला. नोहवर कुऱ्हाड कोसळली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. तो पंधराएक वर्षांचा असताना, 1884 मध्ये, त्याच्या आईने दुसरं लग्न केलं. नवरा होता त्सुकिओका योशितोशी. हा उकियो-एच्या जगातला शेवटचा सुपरस्टार मानला जातो. प्रचंड ताकदीचा आणि तितकाच अस्वस्थ माणूस. 1872 च्या आसपास गरिबी आणि मानसिक आजाराने पार खचलेला. त्यातून उठल्यावर त्याने स्वतःला नवं नाव घेतलं, ताइसो. अर्थ, मोठं पुनरुत्थान.

या योशितोशीला नोहचा नाद होता. तो नोहचं गायनही शिकायचा. ‘चंद्राच्या शंभर छटा’ या त्याच्या गाजलेल्या मालिकेत नोह नाटकांतले प्रसंग आहेत. घरात असा माणूस असल्यावर पोराच्या कानावर ते सूर पडणारच. कोग्यो त्याच्याकडे चित्रकला शिकला. पण 1892 मध्ये योशितोशी गेला. शेवटच्या दिवसांत आजाराने पुन्हा डोकं वर काढलं होतं.

तेवीस वर्षांचा कोग्यो मग ओगाता गेक्को या चित्रकाराकडे गेला. गेक्कोने ब्रशचा मऊ हात शिकवला, म्हणजे चित्र छापील असूनही हाताने रंगवल्यासारखं वाटेल असा. कोग्यो हे नावही त्याच्याच काळातलं. त्या नावाची दोन अक्षरं म्हणजे नांगरणं आणि मासेमारी करणं. दोन्ही कामं चिकाटीची. नाव ठेवणाऱ्याने ओळखलं असावं.

1897 : धाडसी की वेडा?

आता जरा बिझनेसचं बोलू. 1890 च्या दशकात वुडब्लॉकचा धंदा गोत्यात होता. फोटो आले होते, लिथोग्राफी आली होती, वर्तमानपत्रं वाढली होती. 1894-95 च्या चीन-जपान युद्धात लढायांच्या चित्रांची तडाखेबंद विक्री झाली, पण युद्ध संपलं आणि ती लाटही ओसरली.

अशा वेळी, 1897 मध्ये, मात्सुकी हेइकिची या तोक्योतल्या प्रकाशकाने कोग्योला घेऊन एक मालिका सुरू केली. ‘नोगाकु झुए’, म्हणजे सचित्र नोह. ती 1902 पर्यंत चालली आणि चित्रं झाली 261!

त्यात कोग्योने नाटकाची गोष्ट काढली नाही, प्रयोग काढला, आणि हेच महत्त्वाचं. त्याच्या आधीचे चित्रकार गोष्ट काढायचे. म्हणजे भूत असेल तर खरंखुरं भूत. कोग्योने रंगमंचावरचा नट काढला. कोणत्या भूमिकेला कोणता मुखवटा, किमोनोवर कोणती नक्षी, पंखा कोणत्या हातात, पाऊल कुठे. काही चित्रांत तर मुखवट्याखालून नटाची खरी हनुवटीही दिसते. नोहचे मुखवटे चेहऱ्यापेक्षा लहानच असतात, त्यामुळे प्रयोगातही ती दिसते. कोग्योने ती लपवली नाही. त्यामुळे मेइजी काळात नोह कसं सादर व्हायचं, याचा अभ्यास करणारे आजही ही चित्रं पुरावा म्हणून उघडतात.

आणि बॅकग्राउंड? ‘सुमिदागावा’ या नाटकाची एक जुनी हकिकत इथे सांगायलाच हवी. हरवलेल्या मुलाला शोधत एक आई नदीकाठी येते आणि तिला कळतं, पोर वर्षापूर्वीच गेलं. ती थडग्यापाशी प्रार्थना करते, मुलाचा आवाज येतो, मूल दिसतं, ती धावते... पहाट होते आणि तिथे फक्त गवत असतं. हे नाटक झेआमीच्या मुलाने, मोतोमासाने लिहिलं. झेआमीचं म्हणणं होतं, मुलाचं भूत रंगमंचावर आणूच नकोस, प्रेक्षकाच्या मनातच राहू दे. मोतोमासाला ते पटलं नाही. बापलेकांचा हा वाद 1430 च्या एका ग्रंथात नोंदलेला आहे.

दाखवायचं किती आणि मोकळं सोडायचं किती, हा नोहचा सगळ्यात मोठा प्रश्न. कोग्योच्या चित्रांतली रिकामी जागा त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. कंटाळा नव्हे!

एक चित्र, चार माणसं

आपण सहज ‘कोग्योचं चित्र’ म्हणतो, पण या कामाला एक टीम लागायची. प्रकाशक पैसा आणि कल्पना पुरवणार. चित्रकार पातळ कागदावर रेषा काढणार. तो कागद चेरीच्या लाकडावर उलटा चिकटवला जाणार आणि कोरक्या त्या रेषा सोडून बाकीचं लाकूड कोरून काढणार. म्हणजे मूळ चित्र तिथेच खलास! मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा. कोपऱ्यात दोन छोट्या खाचा, कागद दर वेळी अचूक त्याच जागी बसावा म्हणून. एक केस सरकला तरी चित्र बिघडलं.

शेवटी छापणारा. त्याच्याकडे मशीन नसतं, असतं बारेन. बांबूच्या सालीत गुंडाळलेली हातभर... छे, तळहातभर चकती. ठोकळ्यावर पाण्यात कालवलेला रंग आणि थोडी तांदळाची खळ लावायची, त्यावर तुतीच्या सालीचा चिवट कागद ठेवायचा आणि मागून बारेनने घासायचं. एका चित्राला दहा-पंधरा वेळा सहज.

कोग्योच्या चित्रांत या छापणाऱ्यांची खरी कसोटी लागली. नोहची वस्त्रं म्हणजे सोन्याच्या जरीचं विणकाम. ते दाखवायला सोनेरी-चंदेरी धातूची पूड वापरली गेली. काही ठिकाणी रंगच न लावता कोरा ठोकळा दाबून कागदावर विणीचा उठाव आणला गेला. रंग गडदाकडून फिकटाकडे विरत जावा म्हणून ठोकळा ओल्या ब्रशने पुसून घ्यायचा. हे सगळं साधारण 25 बाय 37 सेंटिमीटरच्या कागदावर. तुमच्या लॅपटॉपच्या स्क्रीनएवढ्या!

भूकंपानंतरही

1922 मध्ये कोग्योने दुसरी मोठी मालिका हाती घेतली, ‘नोगाकु ह्याकुबान’. नावाचा अर्थ नोहची शंभर नाटकं. चित्रं झाली 120. (डेडलाइन आणि स्कोप, दोन्ही वाढतात. सगळीकडेच!) यातली चित्रं उभी, आकृत्या मोठ्या, आणि मागच्या रिकाम्या जागेत बारेनच्या घासण्याच्या खुणा मुद्दाम ठेवलेल्या. वारा फिरावा तशा.

मालिका ऐन भरात असताना 1 सप्टेंबर 1923 ला तोक्यो-योकोहामात महाभयंकर भूकंप झाला. त्यानंतरच्या आगीत तोक्योचा मोठा भाग जळून गेला. एक लाखाहून जास्त माणसं गेली. छापखाने, ठोकळे, चित्रांचे साठे, किती गेलं याचा हिशेब नाही. ज्या शहरात राहायला घर नाही, तिथे नोहची चित्रं कोण घेणार?

तरी मालिका 1926 मध्ये पुरी झाली. त्याआधीच, 1925 मध्ये, तिसरी सुरू झाली होती. ‘नोगा ताईकान’, 200 चित्रांची.

25 फेब्रुवारी 1927 ला कोग्यो गेला. सत्तावन्न वर्षांचा होता. ताईकानची चित्रं त्याच्यानंतरही 1930 पर्यंत निघत राहिली. त्याची मुलगी ग्योकुसेई तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची होती. तिने बापाचाच विषय उचलला आणि नोह चितारत राहिली. ती 1908 मध्ये जन्मली आणि 2009 मध्ये गेली. शंभरी पार करून! त्याचा शिष्य मात्सुनो सोफू यानेही नोहचीच चित्रं काढली, आणि सोफूच्या मुलानेही.

तीन मालिका मिळून 581 चित्रं. जे नाटक बंद पडणार असं सगळे म्हणत होते त्याची, आणि जे तंत्र बंद पडणार असं सगळे म्हणत होते त्या तंत्रात.

मग पुढे काय झालं?

नोह तर तरलं. 2001 मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं आणि 2008 मध्ये अधिकृत यादीत घेतलं. आजही नोहच्या मुख्य नटांची पाच घराणी आहेत आणि अडीचशेच्या आसपास नाटकं सादर होतात.

कोग्योला मात्र वाट बघावी लागली. होकुसाई-हिरोशिगेनंतर उकियो-ए संपलं, असं संग्राहक कित्येक वर्षं मानत आले. त्यानंतरचं सगळं म्हणजे उतरती कळा. गेल्या काही दशकांत हे मत बदललं. 2010 मध्ये रॉबर्ट शाप आणि जे. थॉमस राइमर यांनी कोग्योवर ‘द ब्यूटी ऑफ सायलेन्स’ हे देखणं पुस्तक काढलं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाने आपल्या संग्रहातली चित्रं स्कॅन करून सगळ्यांना बघायला ठेवली आहेत. फुकट.

तर एखाद्या संध्याकाळी, मेल बंद करून, त्यातलं एक चित्र उघडा. फक्त एक. आपण दिवसभरात शेकडो फोटो बोटाने वर ढकलतो, प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदही येत नाही. हे चित्र तसं ढकलता येत नाही. त्यातला माणूस हलत नाही, बोलत नाही, काही विकत नाही. मुखवट्याखाली एक हनुवटी दिसते. थकलेल्या, खऱ्या माणसाची. तनखा बंद झाल्यावरही जो रंगमंचावर येत राहिला, त्या माणसाची.

कोग्योने तीही छापून ठेवली.

इथून सुरुवात करा

दोजोजी : नर्तकी देवळातल्या घंटेत उडी मारते, जड घंटा कोसळते आणि नट आत एकटाच, अंधारात वेश बदलून नागीण होऊन बाहेर येतो. तरुण नटांसाठी ही परीक्षाच समजली जाते.

हागोरोमो : कोळ्याला झाडावर अप्सरेचं पिसांचं वस्त्र सापडतं. नाच दाखवशील तर परत देतो, असा सौदा ठरतो. पहिल्यांदा नोह बघणाऱ्यांसाठी बेस्ट.

आओई नो उए : जमिनीवरचा किमोनो आठवा आणि मगच चित्र बघा.

सुमिदागावा : रुमाल जवळ ठेवा.

बघायचं कसं : आधी मुखवटा, मग हात, मग पाऊल. शेवटी रिकामी जागा. घाई नको.